एमएच २२ हिमालयन

डोंगर नसलेल्या जिल्ह्यात डोंगराची गाडी घ्यायला कायद्याने बंदी नाही. पासिंगच्या वेळी कोणी विचारत नाही, की साहेब, ही चढवणार कुठं? म्हणून तर माझ्या दारात एमएच २२ नंबरची रॉयल एनफिल्ड हिमालयन उभी आहे. ४११ सीसी, वजन जवळपास दोनशे किलो, सीटची उंची ८०० मिलिमीटर. माझे पाय या हिशोबात थोडे कमी पडतात हे ट्रायलच्या वेळीच कळलं होतं. पण पुतण्या सोबत होता आणि तो मोबाइलवर शूटिंग करत होता. शूटिंग चालू असताना माणूस ‘जमत नाही’ म्हणत नाही.

“हिमालयन घेतली ते बरं केलं,” बायको म्हणाली. “आता हिमालय कधी घेताय?”

पुतण्या हिंजवडीत असतो आणि लडाखला जाऊन आलेला आहे. तेव्हापासून आमच्या घरात कुठलाही विषय काढा, तो खारदुंगलाला जाऊनच थांबतो. दिवाळीत पानात अनरसा पडला तरी हा सांगणार, की काका, खारदुंगलाला मॅगी खाल्ली ना, तिची सर कशालाच नाही. मग मीही हट्टाला पेटून खारदुंगलाचा अभ्यास केला. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट असं लिहिलेलं होतं. नंतर नीट मोजल्यावर ती खिंड भरली ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. आठशे फूट पाटीनंच वाढवले होते! ही माहिती मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. पाच फूट चार इंचांच्या माणसाला असा आनंद आयुष्यात वारंवार मिळत नाही.

आता आमच्या परभणीची उंची. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास, आणि ती सगळीकडे सारखीच. शहरात सर्वांत मोठा चढ रेल्वेच्या उड्डाणपुलाचा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छाती फुगवून म्हणतो खरं, पण जर्मनीच्या दक्षिणेला आल्प्स आहे, आमच्या दक्षिणेला गंगाखेड आहे. संत जनाबाईचं गाव आहे, मागे बालाघाटाच्या टेकड्याही आहेत, नाही असं नाही. पण पुण्याच्या माणसाला ‘गंगाखेडच्या डोंगरात गेलो होतो’ म्हटलं, की तो “लग्न होतं का?” विचारतो.

म्हणून मी एक युक्ती काढली आहे. राष्ट्रीय महामार्ग ६१ कल्याणहून निघतो, माळशेज घाट चढतो, नगर, पाथरी, मानवत करत परभणीत येतो आणि पुढे नांदेडवरून तेलंगणात निर्मलकडे जातो. त्यामुळे “आम्ही माळशेजच्या रस्त्यावरच राहतो” हे वाक्य कागदोपत्री शंभर टक्के खरं आहे. मधल्या तीनशेहून जास्त किलोमीटरचा उल्लेख करण्याचं बंधन माझ्यावर नाही.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, पुतण्या परत गेला आणि जाताना विचारून गेला, “काका, गाडी काढता की नाही? का नुसतं पुसता?” त्याच रविवारी निघालो. जिंतूरकडे. कारण आता जिल्ह्यात नाव घेण्याजोगे डोंगर तेवढेच उरलेत. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि भावाभावांच्या वाटणीत होतं तेच झालं. येलदरीचं धरण थोरल्याला, सिद्धेश्वर धाकट्याला. औंढ्याचे डोंगर त्यांच्या जोतिर्लिंगासकट धाकट्याच्या नावावर गेले आणि थोरल्याच्या वाट्याला सपाट काळी आली. थोरल्यानं कुरकुर केली नाही. सातबाऱ्यावर काळीचाच भाव जास्त असतो.

झरी ओलांडली की ही काळी दोन्ही बाजूंनी सुरू होते. काळ्या मातीबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण घरी या विषयावर मला कोणी बोलू देत नाही.

बसाल्टचा खडक हजारो वर्षं झिजून ही माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचा स्वभाव असा, की पाणी मिळालं की ते फुगतं आणि पाणी गेलं की आकसतं. मे महिन्यात आमच्या शेतात कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडत. माझे किती चेंडू त्या भेगांनी गिळले, आणि आत्याचं एक पैंजणही. ते आजतागायत वर आलेलं नाही. वरची भुसभुशीत माती भेगांतून आत पडते, पावसात भेगा मिटतात, आतली माती फुगून वर रेटली जाते. म्हणजे ही जमीन स्वतःची उलथापालथ स्वतःच करते. माणूस आपला उगाच नांगराचा खर्च मांडून बसतो.

अशा जमिनीवर रस्ता करायचा म्हणजे काय, विचार करा. पावसाळ्यात तो खालून उचलला जातो, उन्हाळ्यात बसतो. त्यातही कडेला ओल आधी शिरते, मधे उशिरा, म्हणून कडा एका चालीनं हलतात आणि मधला भाग दुसऱ्या. इंजिनिअर मंडळी काळी उकरून काढतात, मुरूम भरतात, कधी चुना मिसळून तिला शांत करतात. घरांसाठी तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं जमिनीत खोलवर जाणारे आणि खालच्या टोकाला फुगीर असे खांब घालण्याची पद्धत बसवून दिली. आमचं घर त्याआधीच्या विचारसरणीचं आहे. हॉलच्या भिंतीत एक तडा आहे, तो पावसाळ्यात मिटतो आणि उन्हाळ्यात उघडतो. बायकोने त्यावर कालनिर्णय लावलं आहे. पाऊस कसा झाला हे पाहायला लोक पेपर उघडतात, मी कालनिर्णय बाजूला सारतो.

आणि चिखल! वडिलांच्या सायकलच्या दांडीला बाभळीची एक काडी सुतळीनं कायम बांधलेली असे. पावसात शेतात जाताना चाक आणि मडगार्डच्या मधे काळी अशी गच्च बसायची, की चाक फिरणं बंद. मग उतरायचं, काडीनं उकरायचं, फर्लांगभर जायचं, पुन्हा उतरायचं. शेवटी ते सायकल खांद्यावर घेत. गावातले अर्धे लोक पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊनच फिरत आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. सायकल ज्याच्याकडे असते त्याच्यापाशी ती असली म्हणजे झालं, कोण कोणावर बसलंय हा तपशील.

या सगळ्यातून माझा एक सिद्धांत तयार झाला. सह्याद्रीत डोंगर आहे म्हणून रस्त्याला घाट करावा लागतो, त्यात रस्त्याचं कर्तृत्व ते काय? आमच्याकडे रस्ता कुठल्याही डोंगराची मदत न घेता स्वतःच्या बळावर चढतो आणि उतरतो. तेव्हा पुढे २०० आणि मागे १८० मिलिमीटर खेळणारं सस्पेन्शन असलेली गाडी खऱ्या अर्थाने कोणासाठी बनली आहे, हे सुज्ञांस सांगणे न लगे. हा सिद्धांत मी बायकोला गाडीचा हप्ता भरतानाच ऐकवला होता. तिने शांतपणे विचारलं, की जिंतूर रस्ता बराचसा सिमेंटचा झाला ना आता?

झाला आहे. तरीही झरीपासून बोरीपर्यंत मी पायदानांवर उभा राहून गाडी चालवली. लडाखच्या व्हिडिओत सगळे उभे राहून चालवतात. मी उभा, रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि पिवळ्या फुलांवर आलेली तूर. कापूस वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघायला लागल्या. मी हेल्मेटच्या आत मंद हसलो. एवढ्यात एक स्प्लेंडर शेजारून गेली. पुढे दुधाची कॅन, मागे दोन माणसं. त्यातल्या मागच्यानं वळून विचारलं, “काका, सीट तापली का?”

रायडिंग जॅकेट, गुडघ्यांना कवच, बूट, हेल्मेटवर छोटा कॅमेरा. या वेशात बोरीच्या पुढे चहाला थांबलो. हॉटेलातली चर्चा एकदम बंद झाली. चहा आला, पण तो ठेवून पोऱ्या हलेना. शेवटी पटका बांधलेले एक म्हातारबाबा जवळ सरकले.

“समृद्धीचे का तुम्ही?”

जालन्याहून नांदेडकडे समृद्धी महामार्गाला जोडणारा द्रुतगती मार्ग आमच्या जिल्ह्यातून जायचा आहे. तेव्हापासून जिल्ह्यात जाकीट घालून आणि कॅमेरा लावून फिरणारा प्रत्येक माणूस मोजणीचा असतो. मी म्हणालो, नाही बाबा, सहज फिरायला निघालोय.

“तसंच सांगतेत,” म्हातारबाबा बाकीच्यांना म्हणाले. आणि मला, “विहीर धरली का हिशोबात? आंब्याची झाडं धरली का?”

मी तीनदा शपथ घेतली. चहाचे पैसे मात्र त्यांनी देऊ दिले नाहीत. निघताना एकाने माझ्या गाडीचा नंबर लिहून घेतला.

जिंतूरच्या जवळच नेमगिरी आहे. टेकडीत कोरलेल्या जैन गुंफा, आत तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती. नेमिनाथ पद्मासनात आहेत, आणि पार्श्वनाथांची मूर्ती एवढ्याशा दगडावर तोललेली आहे. गंमत अशी, की गुंफांची दारं अगदी लहान आणि मूर्ती अवाढव्य. आत कशा नेल्या, असा प्रश्न येणारा प्रत्येक जण विचारतो. माझ्यापुढे मात्र मला आत कसं न्यायचं हा प्रश्न होता.

“चामडं बाहेर,” दारापाशी बसलेले गृहस्थ म्हणाले.

बूट काढले. हातमोजे काढले. पाकीट काढलं. “पट्टा,” ते म्हणाले. पट्टा काढला. पँट जाडजूड रायडिंगची, पट्ट्याच्या भरवशावर घेतलेली. तेव्हा एका हाताने पँट धरली आणि दारात वाकलो. गुडघ्याचं कवच हे पडल्यावर गुडघा वाचावा म्हणून असतं. गुडघा वाकावा याची तरतूद त्यात नसते. मी अर्धा आत, अर्धा बाहेर, एक हात भिंतीला, एक पँटीला. मागून आवाज आला, “बाळा, सरक जरा.” सत्तरीच्या पुढच्या एक आजी होत्या, नऊवारीत. मी सरकलो. त्या पदर खोचून, मान खाली घालून एका झटक्यात आत गेल्या, दर्शन घेतलं, प्रदक्षिणा झाली, बाहेर आल्या. मी अजून दारातच होतो. जाताना म्हणाल्या, “ढोपराला लागलंय का रे? एवढं बांधलंय ते?”

शेवटी कवच काढलं आणि गेलो. आतल्या गारव्यात, मिणमिणत्या उजेडात ती काळीभोर मूर्ती समोर आली तेव्हा जॅकेट, कॅमेरा, सीसी सगळं डोक्यातून गेलं. म्हणजे मिनिटभर तरी गेलं. मग आठवलं, की कॅमेरा हेल्मेटवर आहे आणि हेल्मेट बाहेर, चालूच. घरी आल्यावर पाहिलं तर त्यात दारातून बाहेर आलेल्या माझ्या पाठीमागच्या भागाचं प्रदीर्घ चित्रण होतं.

येलदरीला नुसता जाऊन आलो. पूर्णा नदीवरचं हे धरण पूर्णा प्रकल्पातलं, १९६८ साली पुरं झालेलं. पायथ्याशी वीज करतात. यंदा पाणी चांगलं होतं. आता परभणीच्या नळालाही हेच पाणी येतं, म्हणजे आपण रोज अंघोळीला घेतो ते इथं एकत्र बघायला मिळतं. मी भिंतीकडे तोंड करून फोटो काढला आणि जिंतूरला परत येऊन औंढ्याचा रस्ता धरला.

आणि डोंगर आले. आता मी गंमत करत नाही. साग, पळस, मधेमधे सीताफळीची झुडपं, पिवळं पडायला लागलेलं गवत, आणि रस्ता एकदम वळतो, चढतो, पलीकडे दरी उघडते. फार खोल नाही, पण दरीच. याला उंचीची पाटी नाही. कोणी लावली असती तर तीही थोडी वाढवून लावली असती, हे गृहीत धरा. एका वळणावर गाडी स्टँडला लावली आणि कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो.

पहिली मोटारसायकल थांबली. “बंद पडली का?”

“नाही, सहज.”

तो गेला. मग एक जीप थांबली. “पेट्रोल संपलं का? पुढं तांड्यावर बाटलीत मिळंल.” मग एक एसटी हळू झाली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून नुसतं हातानेच विचारलं, काय? मी हातानेच सांगितलं, काही नाही. खिडक्यांतून पन्नास डोकी माझ्याकडे, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माळशेजला कठड्यापाशी उभ्या माणसाला कोणी हटकत नाही, उलट सरकायला सांगतात. इथं मी थांबलोय म्हणजे माझी काहीतरी अडचण असली पाहिजे, यावर सगळ्या रस्त्याचं एकमत होतं. मला मनापासून राग आला. माणसानं आपल्या जिल्ह्यातला डोंगर बघू नये काय? कोकण बघायला रांगा लावता, ताम्हिणीला गाड्यांवर गाड्या चढवता. पुण्याहून आलेल्या मित्रांना मी हौसेनं चारठाण्याची यादवकालीन देवळं दाखवायला नेलं तर त्यांनी तिथं उभं राहून वेरूळची चौकशी केली. ते जाऊ द्या, परके आहेत. पण आपणही? ‘मागास, मागास’ ऐकून ऐकून आपलेच डोळे असे झालेत, की आपल्याकडे काही देखणं असलं तर ते चुकून आलं असेल असं वाटतं.

हे भाषण मी हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यासमोर देत होतो तेव्हा खालून ट्रॅक्टरचा आवाज आला.

मागे दोन ट्रॉल्या. पहिलीत धान्याची पोती, कोपीसाठीचे बांबू आणि ताडपत्र्या, पाण्याचे ड्रम, चुली, एक बाज उलटी बांधलेली, डालग्याखाली कोंबड्या, दोन शेळ्या. दुसरीत माणसं. बायका, तान्ही पोरं, शाळेच्या वयाची पोरं, त्यातल्या एकाच्या अंगात शाळेचाच शर्ट. ऊसतोडीला निघालेला तांडा होता. दिवाळी झाली की या डोंगरातनं असे ट्रॅक्टर निघतात. उन्हाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती नवरा-बायकोच्या जोडीवर, तिला एक कोयता म्हणतात, आणि ती कारखान्यावर जाऊन फेडायची असते. परत यायचं ते उन्हं तापल्यावर.

ट्रॅक्टर थांबला. चढावर, एवढं ओझं घेऊन, माझ्यासाठी. एक तिशीतला माणूस खाली उतरला, हातात दोर घेऊनच.

“बंद पडली का सर? जिंतूरपर्यंत ओढू.”

मी म्हणालो, “नाही हो. डोंगर बघायला थांबलोय.”

“कोणता?”

“हा. हाच.”

त्याने वळून डोंगराकडे बघितलं. पाहुणा काहीतरी दाखवतोय तर नीट बघावं, अशा आदबीनं. ट्रॉलीतल्यांनीही बघितलं. काही क्षण सगळा तांडा आणि मी मिळून डोंगराकडे बघत होतो. मग तो म्हणाला, “फोटो काढायचा का तुमचा? थांबा, मी काढतो.”

या बाबतीत मला आग्रह लागत नाही. मी गाडीला टेकून उभा राहिलो, पोट आत, नजर दूर. त्याने फोन आडवा धरला, उभा धरला, जरा मागे गेला, मला डावीकडे सरकवलं, अजून डावीकडे सरकवलं. फोटो काढणाऱ्याची अशी तळमळ मी क्वचितच पाहिली आहे. फोटो काढून फोन परत देण्याऐवजी तो त्यावर दोन बोटं फिरवत राहिला.

“काय झालं? नीट नाही आला?”

“आलाय की. हे बघा.” त्याने मोठं करून दाखवलं. माझ्या खांद्याच्या वर, पलीकडच्या टेकाडावर काहीतरी चमकत होतं. “पत्रे. आमचा तांडा आहे तो.”

फोन ट्रॉलीत गेला. तिथं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, एकदम कालवा सुरू झाला. एका म्हातारीनं फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग हातभर लांब धरला. पोरं तिच्या खांद्यावरून वाकली. कोणतं घर कोणाचं यावरून वाद लागला. निळा पत्रा आपला, नाही तो शेजारच्यांचा, आपला त्याच्या मागं, तिथं लिंबाचं झाड आहे ना. “याडी, देवळाचा झेंडा बघ,” एक पोरगा ओरडला. फोन या हातातून त्या हातात गेला, एका लेकुरवाळीनं तो पदराने पुसून पुढे दिला. एक बाई मात्र बघायला पुढे आली नाही. ती पोत्याला टेकून दुसरीकडे तोंड करून बसली होती. तिच्याकडे कोणी फोन दिला नाही आणि तिने मागितला नाही.

मी विचारलं, घरी कोण असतं आता?

“म्हातारे. ज्यांना चालवत नाही ते.” मग म्हणाला, “आमच्या याडीला, आईला, नेतोय. पोरं सांभाळायला लागतं कोणी तरी.”

“कुठं?”

“कोल्हापूरकडं.”

मला पंचगंगा, रंकाळा, मिसळ असं पटकन काहीतरी बोलायला आलं होतं. ते तोंडातच ठेवलं एवढं बरं झालं. त्याने नंबर सांगितला, फोटो पाठवा म्हणाला, मी तिथंच पाठवला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तो दोर परत गुंडाळत होता. चढताना पुन्हा एकदा विचारलं, “सर, सुरू करून बघा एकदा. आम्ही गेल्यावर नाही झाली तर?” मी सुरू करून दाखवली. पहिल्या झटक्यात. तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं आणि ट्रॅक्टर धूर सोडत वळणाआड गेला.

पुढे औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं, गर्दी होती, बाहेरचं कोरीवकाम अंधार पडायच्या आत घाईनं पाहिलं. वाटेत सीताफळं घेतली, टोपलीभर. वसमतवरून परत. रात्रीचं परभणीकडे येताना हेल्मेटच्या काचेवर एवढे किडे बसले होते, की समोरच्या गाड्यांचा उजेडही नीट दिसत नव्हता. दारात उतरलो तेव्हा पाय सरळ होईनात. बायकोने हात दिला, गाडीला नव्हे मला, आणि म्हणाली, “हिमालय सापडला का?”

“सापडला.”

“सीताफळं तिथली आहेत होय?”

जेवण व्हायच्या आधी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. नाव काही लिहिलं नाही, नुसता टाकला. अंगठे पडू लागले. ‘क्लास!’ ‘काका रॉक्स.’ ‘ताम्हिणी का?’ हा पुतण्याचा प्रश्न. मी लिहिलं, जिंतूर. त्याने विचारलं, ‘जिंतूरला घाट आहे?’ आता याचा बाप दहावीपर्यंत जिंतूरला मामाकडे होता. आठवड्याला सायकलवर गावी यायचा, पावसाळ्यात सायकल खांद्यावर. पोराला बापानं खारदुंगलाला जायला पैसे दिले, जिंतूर सांगायचं राहून गेलं. मी बरंच काही टाइप केलं, काळ्या मातीपासून सुरुवात केली. मग पुसलं. तेवढ्यात आणखी चौघांनी ‘ताम्हिणी बेस्टच’ लिहून हृदयं टाकली होती. मी म्हटलं, असू दे ताम्हिणी. हृदयं काही परत करता येत नाहीत.

बायकोने खाली लिहिलं, ‘जिंतूरच्या पुढचा रस्ता आहे. सीताफळं जास्त झालीत, ज्यांना हवीत त्यांनी उद्या घेऊन जा.’

झोपताना सहज स्टेटस बघत होतो. सकाळचं गुडमॉर्निंग, कोणाच्या साखरपुड्याची चित्रफीत, कोणाचा देव. आणि त्यात तो दिसला, दुपारचा नवा नंबर. माझाच फोटो लावला होता. टेकाड, पत्रे, लिंबाचं झाड आणि देवळाचा झेंडासुद्धा, नीट मोठं करून. गाडीचा एक आरसा तेवढा कोपऱ्यात राहिला होता. मी कापून टाकलेल्या भागात होतो.